चेक म्हणजे शह : एका छोट्या शब्दाचा मोठा प्रवास

(या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी, आणि ऐकून झाल्यावर पुन्हा एकदा वाचायचंय त्यांच्यासाठीही. बोलण्याची भाषा शक्यतो आहे तशीच ठेवली आहे.)

हेडफोन लावलेत ना? चला, मग सुरू करू.

आधी सहा वाक्यं ऐका.

"मेसेज चेक केलास का?"
"पगाराचा चेक वटला का रे?"
"तो चेक्सचा शर्ट घाल, तुला छान दिसतो."
"मुलुंड चेकनाक्याला उतर, मी तिथेच उभी आहे."
"दोन तास आधी पोच, चेक-इनला रांग असते."
"चेक! आता हलव तुझा राजा."

सगळी रोजची वाक्यं. यातलं एकही वाक्य बोलताना आपल्याला इंग्रजी बोलतोय असं वाटत नाही, इतका हा शब्द आपल्यात मुरलाय. पण जरा थांबून बघा. मेसेज बघणं, बँकेचा कागद, कापडावरची चौकडी, टोलचा नाका, विमानतळावरची रांग आणि बुद्धिबळातला राजा, यांचा एकमेकांशी काय संबंध? शाळेत आपल्याला सांगतात की या शब्दाला दहा अर्थ आहेत, पाठ करा. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं तर अशा याद्यांनी भरलेली असतात. आणि पाठ केलेली यादी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी डोक्यातून गायब होते, हेही तुम्हाला माहितीये.

आज आपण यादी पाठ करणार नाही. हे सगळे अर्थ एकाच घरातले आहेत, एकातून दुसरा कसा निघाला तेवढं बघायचंय. आणि त्या घराचा पत्ता तुम्हाला वाटतो तितका लांबचा नाहीये.

राजा, सांभाळ!

सुरुवात बुद्धिबळापासून. हा खेळ आपल्याकडचा. संस्कृतात त्याचं नाव चतुरंग, म्हणजे सैन्याची चार अंगं : हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. साधारण सहाव्या शतकात हा खेळ इराणात गेला, तिथे त्याचं 'चत्रंग' झालं. पुढे अरबांनी इराण जिंकलं, त्यांच्या तोंडी 'शतरंज' झालं.

आता इराणी माणूस राजाला काय म्हणणार? शाह. पटावरचा राजा धोक्यात आला की खेळाडू समोरच्याला सावध करायचा, "शाह!" म्हणजे, बाबा रे, तुझा राजा सांभाळ. ही हाक अरबांबरोबर युरोपात पोचली. लॅटिनमध्ये 'स्काकुस' झाली, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाली, आणि साधारण १३०० च्या सुमारास इंग्रजीत येताना पुढचा 'ए' गळून उरलं, चेक.

आणि हो, त्या फ्रेंच शब्दाचं अनेकवचन होतं 'एशेस'. त्यातून इंग्रजीत आला चेस. म्हणजे चेस या खेळाचं नावच मुळात 'खूप सारे चेक' असं आहे! आजही फ्रेंचमध्ये बुद्धिबळाला 'एशेक' म्हणतात, आणि त्याच शब्दाचा एकवचनी अर्थ आहे अपयश. जर्मन लोक म्हणतात 'शाख'. रशियन म्हणतात 'शाखमाती'. ऐकू आलं ना? शाह आणि मात.

आता आपल्याकडे या. मराठीत आपण काय म्हणतो? शह दिला. शह-काटशहाचं राजकारण. संकटावर मात केली. हा 'शह' म्हणजे तोच इराणी शाह. फारसी शब्द दख्खनच्या दरबारांतून मराठीत आले, त्यांच्याबरोबर हाही आला. म्हणजे चेक आणि शह हे एकाच हाकेचे दोन आवाज आहेत. एक युरोपला वळसा घालून, इंग्रजांच्या जहाजातून आपल्याकडे आला, दुसरा त्याच्या कितीतरी आधी सरळ रस्त्याने आला. आज बुद्धिबळ खेळणारा मुलगा मित्रांत "चेक" म्हणतो आणि आजोबांबरोबर "शह" म्हणतो, तेव्हा तो एकच शब्द दोनदा बोलत असतो.

'मात'बद्दल दोन मतं आहेत. कुणी म्हणतं, अरबीतला 'मेला' या अर्थाचा शब्द. कुणी म्हणतं, फारसीतला 'हतबल झाला' या अर्थाचा. मला स्वतःला दुसरं जास्त पटतं, कारण पटावर राजा कधी मारला जातच नाही. त्याला जायला जागा उरत नाही, एवढंच.

घरातली बाकी मंडळी

अजून मागे जाऊया. शाह हा शब्द जुन्या इराणी भाषेत 'क्षायथिय' असा होता. साधारण अडीच हजार वर्षांपूर्वी दारियस या सम्राटाने बेहिस्तूनच्या डोंगरात लेख कोरून घेतला, त्यात तो स्वतःला क्षायथियांचा क्षायथिय म्हणवतो. राजांचा राजा. हाच पुढचा शहेनशाह.

क्षायथिय. कानाला काही आठवतंय? क्षत्र, क्षत्रिय. बरोबर. जुनी इराणी आणि संस्कृत या सख्ख्या बहिणी. सत्ता गाजवणं, राज्य करणं या अर्थाचा एकच धातू दोघींकडे आहे. त्यातूनच इराणात राज्याला जो शब्द होता, तो झिजत झिजत झाला 'शहर'. हो, आपलं शहर! आणि राज्याचा रक्षक तो क्षत्रप. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान या क्षत्रपाच्या काळातले लेख आहेत. आजही बातम्यांत स्थानिक पुढाऱ्याला क्षत्रप म्हणतात.

म्हणजे चेक, चेस, शह, शहर, क्षत्रप, क्षत्रिय, सगळे एकाच कुटुंबातले. कुणी सख्खे, कुणी चुलत.

पण सावध. सारखं दिसतं म्हणून नातं असतंच असं नाही. 'शहाणा' या घरातला नाही, तो सज्ञान या शब्दावरून आला. व्यापारी समाजातलं शहा हे आडनावही या घरातलं नाही. ते साधू, मग साहू, मग साह अशा वाटेने आलं, आणि सावकार हा त्याचा भाऊ. चेक प्रजासत्ताक हा देश तर पूर्ण वेगळा, ते तिथल्या लोकांचं स्वतःचं नाव आहे. आवाज जुळला की गोष्ट रचून मोकळं व्हायचं, हा आपल्या फॅमिली ग्रुपवरचा आवडता उद्योग. तो टाळूया.

हाकेचा झाला 'थांब'

आता अर्थ कसे फुटले ते बघू.

चेक मिळाल्यावर खेळाडूचं काय होतं? त्याच्या डोक्यात भारी चाल तयार असते, पण ती बाजूला ठेवावी लागते. आधी राजा वाचवायचा, बाकी सगळं नंतर. नियमच आहे तसा. म्हणजे चेकचा खरा परिणाम हा, की चाललंय ते थांबव.

इंग्रजीत हा अर्थ लवकरच पटाबाहेर पडला. अचानक अडवणं म्हणजे चेक. आवर घालणं म्हणजे चेक. शिकारी कुत्र्यांना वास लागेनासा झाला आणि ती घुटमळली, तरी त्याला चेक म्हणायचे. मग सतराव्या शतकात पुढची पायरी आली : थांबवून तपासणं. कुणाला अडवलं की आपण काय करतो? कोण आहेस, काय घेऊन चाललायस ते बघतो. अडवणं आणि तपासणं या एकाच कामाच्या दोन बाजू.

चेकनाका आठवा. गाडी थांबते, मग कागद बघतात. न थांबवता नाका चालेल का? आणि शब्दाची गंमत बघा, चेक इंग्रजी, नाका आपला, आणि दोन्हींचं काम एकच, वाट अडवणं. हा शब्द कुठल्या समितीने घडवला नाही, रस्त्यावरच्या माणसांनी घडवला. झकास घडवला.

चौकडीचं कापड आणि जळालेली संसद

शर्टाकडे येऊया. बुद्धिबळाचा पट चौकोनांचा, म्हणून तशी नक्षी असलेलं कापड म्हणजे चेक्स. आपला चौकडीचा शर्ट. इतकं सोपं. पण याच चौकडीने इंग्लंडचं अर्थखातं जन्माला घातलंय.

बाराव्या शतकातलं इंग्लंड. हिशेब रोमन आकड्यांत, शून्य नाही. अशा आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं म्हणजे डोक्याला ताप. मग त्यांनी युक्ती केली. साधारण दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबल. त्यावर काळं कापड, कापडावर रेघा. एक रकाना पेनींचा, एक शिलिंगांचा, एक पौंडांचा, पुढे विसाचा, शंभराचा, हजाराचा. रकान्यांत सोंगट्या ठेवायच्या आणि सरकवायच्या. एका बाजूला राजाचा खजिनदार, समोर जिल्ह्याचा वसुली अधिकारी. दिसायला अगदी बुद्धिबळाचा डाव. म्हणून त्या कचेरीला नाव पडलं एक्स्चेकर, म्हणजे पट. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणतात. पटाचा अधिकारी!

या कचेरीत पावती म्हणून लाकडाची काठी असायची. तिच्यावर रकमेच्या खाचा पाडायच्या आणि काठी उभी चिरायची. अर्धी पैसे देणाऱ्याकडे, अर्धी सरकारकडे. पुढे वाद झाला तर दोन्ही तुकडे जुळवून बघायचे. खाच वाढवली असेल तर लगेच कळणार. ही पद्धत कित्येक शतकं चालली आणि शेवटी १८२६ मध्ये बंद झाली. साठलेल्या काठ्यांचा ढीग १६ ऑक्टोबर १८३४ ला संसदेच्या इमारतीतल्या भट्टीत जाळायला घेतला. आग पसरली आणि संसदेची बहुतेक जुनी इमारत जळून गेली. लंडनचे जे फोटो आपण इन्स्टाग्रामवर बघतो, ती बिग बेन असलेली इमारत त्यानंतरची.

चेक वटला का?

बँकेचा चेक याच 'जुळवून बघण्या'तून आला. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये पैसे देण्याच्या कागदाचा एक तुकडा मागे ठेवायचे, ज्याला आपल्याकडे सरकारी भाषेत स्थळप्रत म्हणतात. खोटेपणा पकडायला, म्हणजे चेक करायला, तो तुकडा. आधी त्या तुकड्याला चेक म्हणत, मग हळूहळू आख्ख्या कागदालाच म्हणायला लागले. पुढे ब्रिटिशांनी एक्स्चेकरच्या वळणावर त्याचं स्पेलिंग वेगळं केलं. अमेरिकेने जुनंच ठेवलं. म्हणून दोन स्पेलिंगं. यात चूक कुणाचीच नाही.

तुमच्यापैकी कित्येकांनी आयुष्यात एकही चेक लिहिला नसेल. मोबाईलवरून पैसे पाठवायचे, विषय संपला. पण नोकरी लागली की ऑफिस कॅन्सल्ड चेक मागतंच. आणि एखाद्याने हप्त्याच्या हमीसाठी तुमच्याकडून सही केलेला चेक मागितला, तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. चेकवरच्या तारखेपासून तो तीन महिनेच चालतो. आणि देणं फेडायला दिलेला चेक खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला, रीतसर नोटीस मिळूनही १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर १८८१ च्या कायद्याच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा सही करताना थांबा. शब्दातच लिहिलंय!

जुळवून बघायच्या तुकड्यावरूनच बाकीचे अर्थ आले. अमेरिकेत रेल्वेने सामान पाठवताना पितळेचे दोन सारखे बिल्ले असायचे, एक पेटीला, एक प्रवाशाच्या हातात. ते बॅगेज चेक. आज विमानतळावर बॅगेला पट्टी लावतात आणि तिचा तुकडा तुमच्या हातात देतात, तेच. वेबसिरीजमध्ये कुणी निमंत्रण टाळताना रेन चेक म्हणतं ना? बेसबॉलचा सामना पावसाने बुडाला की पुन्हा येण्यासाठी जे तिकीट मिळायचं, ते रेन चेक. म्हणजे, आज नाही जमत, पण माझा हक्क राखून ठेव.

थांबण्याची यादी

आता एक गंभीर गोष्ट.

३० ऑक्टोबर १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका नव्या बॉम्बर विमानाची चाचणी होती, बोईंग मॉडेल २९९. त्या काळातलं सगळ्यात आधुनिक म्हणावं असं विमान, चालवणारे अनुभवी. विमान उडालं, नाक वर करून चढलं आणि कोसळलं. दोघांचा जीव गेला. यंत्रात बिघाड नव्हता. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याने शेपटीकडचे हलते भाग हलू नयेत म्हणून खीळ लावतात, ती उड्डाणापूर्वी काढायची राहिली होती.

यातून वैमानिकांनी काय धडा घेतला? अजून हुशार माणूस शोधा, असं नाही म्हणाले. त्यांनी एक साधी यादी केली. उडण्याआधी थांबायचं आणि एकेक ओळ वाचून खात्री करायची. चेकलिस्ट. हेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंच्या संख्येने उडालं.

२००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनसाठी अशीच यादी आणली. पेशंटचं नाव काय, ऑपरेशन कुठल्या बाजूचं, औषधाची ॲलर्जी आहे का, असे १९ मुद्दे. भूल देण्याआधी थांबा, कापण्याआधी थांबा, पेशंट बाहेर नेण्याआधी थांबा. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत तपासणी झाली, तेव्हा ऑपरेशननंतर मरण पावणाऱ्यांचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. नवं मशीन नाही, नवं औषध नाही. एक कागद आणि तीन वेळा थांबणं.

प्यादंसुद्धा शह देतं

आता शेवटचा अर्थ, माझ्या सगळ्यात आवडीचा. राज्यशास्त्र शिकलेल्यांनी 'चेक्स अँड बॅलन्सेस' ऐकलं असेल. सत्ता एका हातात साठू द्यायची नाही, एकाने दुसऱ्याला अडवायचं. अमेरिकेचं १७८७ चं संविधान याच विचारावर उभं आहे. आपल्याकडे २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींच्या पीठाने ७ विरुद्ध ६ अशा मतांनी सांगितलं, की संसद संविधानात दुरुस्ती करू शकते, पण त्याचा मूळ गाभा मोडू शकत नाही. संसदेला दिलेला हा शह.

आणि लोकशाही हा शब्दच बघा. आदिलशाही, निजामशाही, हुकूमशाही, तशी लोकशाही. त्यातली 'शाही' म्हणजे त्याच शाहचं राजेपण. लोकशाहीत ते राजेपण लोकांकडे. म्हणजे चेक आणि लोकशाही हेसुद्धा नातेवाईक निघाले! राजाला मिळालेलं नाव फिरत फिरत राजाला अडवण्याचं नाव झालं.

पटावर शह द्यायला वजीरच लागतो असं नाही. प्यादंसुद्धा शह देऊ शकतं, आणि राजाला उत्तर द्यावंच लागतं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली साध्या कागदावर अर्ज आणि दहा रुपये फी, एवढ्यावर तुम्ही सरकारी कचेरीला विचारू शकता की आमच्या गावच्या रस्त्याचे पैसे कुठे गेले. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. प्याद्याचा शह तो हाच.

तर मंडळी...

एवढ्या प्रवासानंतर दोन गोष्टी सोबत घेऊन जा.

एक. कुणी म्हणालं, "चेक कसलं म्हणतोस, मराठी बिघडवता तुम्ही पोरं," तर भांडू नका. मराठीत बोलायला शब्द आहेतच, तपासणं, बघणं, पडताळणं, धनादेश, ते जरूर वापरा. पण हेही सांगा, की आपला शहसुद्धा एकेकाळी पाहुणाच होता, आणि इंग्रजी चेकचं आजोळ आपल्या क्षत्रियाच्या शेजारचं आहे. आणि इंग्रजीची भीती वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा, की ती भाषाही अशीच दहा घरचं मागून मोठी झालीये.

दोन. आपण दिवसातून कितीतरी वेळा "फोन चेक करतो" म्हणतो. त्यात थांबणं कुठे असतं? बोट सरकत राहतं आणि काय बघायला फोन उघडला होता तेच आठवत नाही. शब्द तोच राहिला, त्यातला 'थांब' तेवढा गळाला. म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर एखादा भडक फोटो आला, की फॉरवर्ड दाबण्याआधी जुन्या अर्थाने चेक करा. फोटो कुठला, कधीचा, सांगतंय कोण? उत्तर मिळालं नाही तर ती चाल खेळायचीच नाही.

आता तुमचं काम. असाच एक शब्द शोधा, रोजच्या वापरातला, ज्याचे अर्थ एकमेकांपासून लांब वाटतात. बँक, मॅच, डेट, काहीही चालेल. घरच्यांना विचारा, शब्दकोश उघडा, आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. फक्त एक अट, आवाज जुळला म्हणून नातं जोडायचं नाही. शहाणा आठवतोय ना?

भेटू पुढच्या भागात. तोवर राजा सांभाळा!